टिप्पर माझाच होता

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत गेले काही महिने एक चौकट येते. वर भाड्याच्या खोल्या, खाली माडांसाठी शेणखत आणि मध्ये, ‘सिबिल खराब? तीस दिवसांत ७५० च्या वर. खात्रीने.’ शेवटी मोबाइल नंबर. सिबिल म्हणजे आपण कर्जे कशी फेडली त्यावरून लागणारा आकडा, तो बघून बँक कर्ज द्यायचे की नाही ते ठरवते. नंबर दर वेळी वेगळा असतो, मजकूर तोच. २०२४ च्या पावसाळ्यात डिचोली बाजारातल्या चहाच्या गाड्यावर चिकटवलेला अगदी हाच मजकूर वाचून मी नऊ हजार रुपये घालवले. म्हणून हे पत्र. लांबले आहे याची कल्पना आहे. कापायचे तर कापा, फक्त आकडे कापू नका.

मी डिचोली तालुक्यातला. एकेकाळचा ट्रकमालक, सध्या शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांची बस, चालवतो. माझा पहिला टिप्पर २०१२ च्या खाणबंदीआधी फिटला होता, त्यामुळे त्या वेळी मी वाचलो. वाचलो म्हणून शहाणपण यायला हवे होते, ते आले नाही. खाणी परत सुरू झाल्यावर २०१६ साली १४ लाखांचे कर्ज काढून दुसरा टिप्पर घेतला. पाच वर्षांची मुदत, महिन्याला ३१ हजारांवर हप्ता. खाणीवरून जेटीवर दिवसाला चार-पाच ट्रिपा मिळाल्या की डिझेल, चालक, टायर सगळे जाऊन हप्ता निघत असे. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणींच्या लीज रद्द केल्या आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. माझे सतरा हप्ते वेळेवर गेले होते. अठरावा गेला नाही.

पुढचे खाणपट्ट्यातल्या कोणालाही सांगायला नको. काजूच्या झाडाखाली उभा टिप्पर, चाकांत वाढलेले गवत, संध्याकाळी दारात मोटारसायकलवरून येणारे वसुलीवाले. २०१९ मध्ये बँकेने टिप्पर नेला आणि साडेपाच लाखांना विकला. गावोगाव तेव्हा टिप्परच टिप्पर विकायला होते, मग भाव कुठून येणार? व्याज धरून ७ लाख ८७ हजार उरले. डिसेंबर २०२० मध्ये बँकेने ओटीएस दिली, म्हणजे एकरकमी तडजोड. ४ लाख भरा, ३ लाख ८७ हजार सोडतो. बायकोच्या पाटल्या आणि मेहुण्याने दुबईहून पाठवलेले दीड लाख मिळून ते चार लाख झाले. साहेबांनी कागदावर शिक्का मारला, हात मिळवला आणि म्हणाले, “सुटलो मरे तूं!”

मीही सुटलो असेच समजलो. कागद इंग्रजीत होता. त्यात ‘सेटल्ड’ हा शब्द होता, तो मी वाचलाही होता. सेटल झाले म्हणजे मिटले, आपण मराठीत बोलतानाही तसेच म्हणतो. मुलगा सेटल झाला, भांडण सेटल झाले.

जून २०२४ मध्ये एक छोटी पिकअप घ्यायचे मनात आले. बेळगावची भाजी पहाटे आणायची आणि शाळेची वेळ व्हायच्या आत परत यायचे, असा हिशेब होता. डिचोलीतल्या एका बँकेत गेलो. तिथल्या मुलीने संगणकावर पाहिले, स्क्रीन माझ्याकडे न वळवताच म्हणाली, “काका, तुमचे सिबिल ५६४ आहे. होणार नाही.” का होणार नाही, हे तिने सांगितले नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही. बाहेर येऊन गाड्यावर चहा घेतला, समोर तो कागद.

त्या मुलाने (पंचविशीचा असेल, बोलायला गोड) नऊ हजार आगाऊ घेतले, पॅन कार्डाचा फोटो घेतला आणि दोन दिवस फोनवर येणारे ओटीपी विचारत राहिला. मी देत राहिलो. आज ते आठवले की कानशिले तापतात. आपल्या मुलांना आपण सांगतो, ओटीपी कोणाला देऊ नका, आणि स्वतः भर बाजारात उभे राहून ओरडून देतो.

त्याने काय केले ते मला महिन्यानंतर कळले. माझ्या सिबिल अहवालात, म्हणजे माझ्या सगळ्या कर्जांच्या नोंदीत, जेवढी खाती होती, त्या सगळ्यांवर त्याने एकच हरकत टाकली होती, ‘हे कर्ज माझे नाही.’ टिप्परच्या कर्जावरसुद्धा. नऊ हजार गेल्याचे दुःख झालेच, पण याचा राग जास्त आला. ज्या टिप्परला मी दर दसऱ्याला धुऊन झेंडूच्या माळा घातल्या, ज्याच्या केबिनमध्ये पावसाळ्यात रात्री झोपलो, तो माझा नाही असे माझ्याच नावाने कोणी तरी लिहून दिले होते! बँकेने अर्थातच माझ्या सहीचे कागद दाखवले आणि हरकत फेटाळली. दरम्यान त्या मुलाने ‘कर्जही काढून देतो’ म्हणून माझ्या पॅनवर सहा ठिकाणी अर्ज टाकले होते. एका महिन्यात सहा सावकारांनी अहवाल मागवला, की हा माणूस पैशांसाठी दारोदार फिरतोय असा त्याचा अर्थ लागतो. ५६४ चे ५४१ झाले. त्यानंतर त्याचा फोन बंद.

माझी मुलगी साखळीच्या सरकारी कॉलेजात बी. कॉम. करते. एका रविवारी ती म्हणाली, “बाबा, अहवाल तुम्ही स्वतः बघितला तरी आहे का?” नव्हता. स्वतःचे सिबिल बघितले की ते कमी होते असे मला कोणी तरी सांगितले होते, आणि कितीतरी जणांची हीच समजूत आहे. ते खोटे आहे. कर्ज देणाऱ्याने मागवला तर त्याची नोंद आकड्यात धरली जाते, आपण आपला कितीही वेळा पाहिला तरी काही होत नाही.

दुसरे असे की, सिबिल हे एका कंपनीचे नाव आहे. ते आपण झेरॉक्ससारखे सगळ्यांना लावतो. देशात अशा चार कंपन्या आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०१७ पासून प्रत्येकीने आपल्याला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. आम्ही बापलेकीने चारही काढले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले आणि एकेक ओळ पेन्सिलने टिक करत गेलो. चारांत सगळे सारखे नसते, हेही तिथेच कळले.

टिप्परच्या ओळीत ‘सेटल्ड’ होते, म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेले. ते खरे. त्याआधीच्या महिन्यांच्या चौकोनांत किती दिवस उशीर झाला त्याचे आकडे होते, ३०, ६०, ९० आणि पुढे. तेही खरे.

मग मोटारसायकलचे जुने कर्ज. जून २०१९ मध्ये पूर्ण फेडलेले, ‘ना देय’ दाखला माझ्याकडे, आरटीओत जाऊन आरसी बुकवरचा बोजाही उतरवलेला. अहवाल म्हणत होता की १८४० रुपये थकले आहेत आणि पाच वर्षे थकतच आहेत. कुठला तरी दंड त्यांच्या खात्यात तसाच पडून राहिला होता. टिप्पर बुडाला हे तरी जगाला ठाऊक होते. हे १८४० रुपये मला न सांगता दर महिन्याला माझ्या नावावर एक काळा ठिपका ठेवत होते.

आणि एका कंपनीच्या अहवालात तिसरीच गंमत. हप्त्यावर घेतलेला १४ हजारांचा मोबाइल, चार हप्ते चुकलेले. मी आयुष्यात मोबाइल हप्त्यावर घेतलेला नाही. मुलीने पत्ता नीट वाचला आणि हसायला लागली. पत्ता आमच्याच गावचा होता, वाडा, म्हणजे वस्ती, पलीकडची. गोव्यातल्या गावांत नाव-आडनावांचे काय असते ते आपण जाणताच. ग्रामदेवतेच्या नावावरून निम्म्या गावाची नावे आणि आडनावे मोजून तीन-चार. माझ्या नावाचे, माझ्या आडनावाचे आम्ही तिघे आहोत, पैकी दोघांच्या वडिलांचे नावही एक. पोस्टमन आम्हाला वाड्यावरून ओळखतो. संगणकाला वाडा कळत नाही.

सप्टेंबर २०२४ च्या दोन तारखेला आम्ही दोन हरकती टाकल्या, दोनच. मोटारसायकलवर, ‘ना देय’ दाखल्याचा फोटो जोडून. मोबाइलवर, पॅन जुळत नाही असे लिहून. खर्च शून्य. मोबाइलची ओळ तीन आठवड्यांत गेली. मोटारसायकलवाल्यांनी रडवले, पण इथे मुलीने एक नियम शोधून ठेवला होता. २६ एप्रिल २०२४ पासून असे आहे की तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तक्रारदाराला द्यायचे. त्यातले २१ दिवस बँकेला, बाकीचे अहवाल कंपनीला. आमची नोंद बेचाळिसाव्या दिवशी दुरुस्त झाली. बारा दिवसांचे १२०० रुपये. आपोआप आले नाहीत, दोन मेल लिहाव्या लागल्या. दुसऱ्या मेलमध्ये मुलीने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे, नाव घातले आणि चार दिवसांत पैसे खात्यात. अहवाल देणाऱ्या कंपन्याही १ सप्टेंबर २०२२ पासून त्याच लोकपालाखाली आल्या आहेत. आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार, तीस दिवस उत्तर नाही किंवा उत्तर पटले नाही, मग लोकपाल. त्यालाही फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. त्या १२०० रुपयांतून घरी इसवण मासा आणला, हे जाता जाता.

आता राहिला टिप्पर. ‘सेटल्ड’ ही नोंद खरी असल्यामुळे ती पुसता येत नाही. ना त्या गाड्यावरच्या मुलाला, ना आपल्या जाहिरातीतल्या खात्रीवाल्याला. ही माहिती कंपन्यांना किमान सात वर्षे ठेवावी लागते. मार्ग एकच, सोडलेली रक्कम बँकेला भरायची, नवा ‘ना देय’ घ्यायचा आणि नोंद ‘क्लोज्ड’, म्हणजे पूर्ण फेडलेले, अशी करून मागायची. मी बँकेत जाऊन लेखी विचारले. लेखी उत्तरही आले, ३ लाख ८७ हजार भरल्यास तसे कळवू. म्हणजे बँकेने जे मला सोडले होते ते खरे तर सोडले नव्हते, माझ्या नावापुढे टांगून ठेवले होते.

इथे माझी खरी तक्रार आहे, आणि ती व्याजाची किंवा वसुलीची नाही. कर्ज मी घेतले, बुडवले मीच, खाण बंद पडली हे कारण खरे असले तरी बँकेचे पैसे गेले ते गेले. पण २०२० च्या डिसेंबरात त्या टेबलावर मला कोणी एवढेच मराठीत वा कोकणीत सांगितले असते की, चार लाख भरलेस तर तुझ्या नावावर अशी नोंद राहील, आणखी थोडे थोडे करून सगळे भरलेस तर तशी राहील, तर मी काय केले असते? कदाचित तेच केले असते, कारण घरात दुसरे काही नव्हते. कदाचित मेहुण्याला सांगितले असते, सहा महिने थांब. निवडायची संधी माझी होती, ती मला दिसलीच नाही. २०१२ नंतर आमच्या खाणपट्ट्यात किती जणांनी तडजोडी केल्या ते मोजायला मी बसलेलो नाही, पण आमच्या एका वाड्यावर सात टिप्पर होते आणि त्यातले पाच ‘सेटल्ड’ आहेत. आता लिलाव होऊन खाणी हळूहळू परत सुरू होत आहेत. पोरे पुन्हा टिप्परची भाषा बोलू लागली आहेत. बँकांनी तडजोडीच्या पत्रावर चार ओळी मराठीत-कोकणीत छापाव्यात, कर्जदाराची सही त्या ओळींखाली घ्यावी, एवढी माझी मागणी आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या लीड बँकेच्या बैठका होतात, त्यांत आमदार-अधिकारी बसतात. कोणी तरी हा विषय काढावा.

जामीनदारांचेही लिहिले पाहिजे. माझ्या कर्जाला माझा मावसभाऊ जामीन होता. आमच्याकडे सही मागणे म्हणजे विळी-खोबरे मागण्यासारखे, कोण नाही म्हणतो? ते कर्ज जामीनदार म्हणून त्याच्याही अहवालात होते, थकल्याच्या सगळ्या आकड्यांसकट. घर दुरुस्तीला कर्ज मागायला गेला तेव्हा त्याला हे कळले. दोन वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांचे) सामान घेऊन माझ्या दारात यायचा, तेही बंद. गेल्या वर्षी आला. मी काही बोललो नाही, त्यानेही काही काढले नाही, करंज्या खाऊन गेला.

तीन लाख ८७ हजार माझ्याकडे नाहीत, म्हणून मी दुसऱ्या, सावकाश वाटेने चाललो आहे. डिसेंबर २०२४ मध्ये २५ हजारांची मुदत ठेव ठेवली आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतले. ठेव तारण असल्यामुळे जुन्या नोंदीवरून नाकारत नाहीत. मर्यादा २० हजारांची. कार्डावर फक्त पेट्रोल आणि विजेचे बिल, महिन्याला सहा हजारांच्या आत, कारण मर्यादेच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त वापरले तर ते चांगले दिसत नाही असे जाणकार सांगतात. बिल आले की पूर्ण भरायचे. बिलावर ‘किमान देय’ म्हणून दोन-तीनशेचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, तो आमिष आहे. तेवढेच भरले तर बाकीच्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढते. कार्ड बायकोच्या डब्यात असते, माझ्या पाकिटात नाही. पाटल्यांनंतर हा अधिकार तिचाच आहे.

चुका दुरुस्त झाल्यावर आकडा ५४१ वरून ६०३ झाला होता. चौदा महिने कार्डाचे बिल चुकवले नाही, आता ६६१ आहे. पूर्वी बँकांकडून महिन्याने माहिती जायची, १ जानेवारी २०२५ पासून पंधरवड्याने जाऊ लागली, त्यामुळे बदल लवकर दिसतो. कोणी सावकाराने माझा अहवाल मागवला तर फोनवर संदेशही येतो. बँकेतली ती मुलगी आता मला ओळखते. ७०० च्या आसपास या, मग बघू, म्हणाली. या वेळी स्क्रीन तिने माझ्याकडे वळवली होती.

गावातल्या पोरांसाठी आणखी एक. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याचा आकडाच नसतो, आणि तेवढ्यावरून कोणी परत पाठवले तर ऐकून घेऊ नका. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश असल्याचे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत सांगितले आहे.

शेवटी आपल्याला विनंती. जाहिरात घ्यायची की नाही हा आपला धंद्याचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. पण घ्यायचीच असेल तर निदान जाहिरातदाराला विचारा, तो खोटी नोंद दुरुस्त करतो की खरी? खोटी दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. खरी दुरुस्त करतो म्हणाला, तर त्याला माझ्याकडे पाठवा. बालरथ दुपारी दोननंतर मोकळा असतो.

आपला,
एक माजी ट्रकमालक, डिचोली तालुका
(नाव व पत्ता संपादकांकडे)

ता. क. हे पत्र लिहून झाल्यावर देवळात माझ्याच नावाचा दुसरा भेटला, तो मोबाइलवाला. त्याला सगळे सांगितले. आधी ओशाळला, मग मोबाइलचे हप्ते नंतर भरले म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, “मागच्या चवथीला मला दुकानात फ्रीज हप्त्यावर दिला नाही. सिबिलमध्ये मोठी गाडी बुडवली आहे म्हणाले. मी तर स्कूटरसुद्धा घेतलेली नाही. कोणती गाडी असेल रे?” येत्या रविवारी पॅन कार्ड घेऊन ये म्हणून सांगितले आहे.